रेल्याचा आवाज, डीजेचं नाव

गेल्या वर्षी मे महिन्यात आलापल्ली-एटापल्ली रस्ता सोडून सातआठ किलोमीटर आत असलेल्या एका गावात लग्नाला गेलो होतो. नवरदेवाचा थोरला भाऊ माझा जुना विद्यार्थी. मांडवापासून पन्नास पावलांवर एक पिकअप उभी होती. तिच्यावर खाली बेसचे बॉक्स, वर टॉप आणि मागे जनरेटर. पंगती चालू असतानाच डीजे सुरू झाला. आधी सायरन वाजला. मग घुमवलेल्या आवाजात एका पुरुषाने डीजेचं नाव तीनदा पुकारलं. आणि त्यानंतर, मी सावरायच्या आत, एका बाईचा आवाज आला. माडिया रेला. तिच्या दोन ओळी होतात न होतात तोच खालून ठोका सुरू झाला आणि पोरं मांडवाबाहेर धावली.

माझ्या शेजारी नवरदेवाच्या आईची मावशी जेवत होती, भामरागडकडची. तिने हातातला घास पानात ठेवला आणि माडियात काहीतरी म्हटलं. मला कामापुरती गोंडी येते, माडिया बोलणं मात्र निसटतं. विद्यार्थ्याने सांगितलं, "सर, आजी म्हणते हा तिच्या बहिणीचा गळा आहे." बहीण दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती. आजी उठून पिकअपपाशी गेली आणि ऑपरेटरला तिने एकच गोष्ट विचारली: ठोका काढून नुसता आवाज लावता येईल का? पोरगा भला होता. त्याने बेस कमी करून पाहिला, एकदोन बटणं फिरवली, आणि म्हणाला, "आजी, यात तसं नाही होत जी." त्याच्या लॅपटॉपवर त्या गाण्याच्या फाइलचं नाव मी वाचलं. डीजेचं नाव, 'गोंडी रेला', 'फुल बेस' आणि एक आकडा. गाणारीचं नाव नाही, गावाचं नाही.

हा लेख त्या फाइलच्या मागे लागल्यामुळे झाला.

* * *

डीजेवर मराठीत कमी लिहिलं जात नाही. पण जे लिहिलं जातं ते आवाजाच्या पातळीवर. २०००चे ध्वनिप्रदूषण नियम, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ बंदी, सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५चा निकाल, आणि २०१८च्या गणपतीत मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवाल्यांना दिलासा द्यायला दिलेला नकार. या सगळ्यात मी नियमांच्या बाजूचा आहे. माझ्या घरात हृदयाचं दुखणं असलेलं माणूस आहे आणि मिरवणूक गल्लीत शिरली की खिडकीच्या काचांबरोबर आम्हीही थरथरतो. पण एवढं म्हणून झालं की आपण कान बंद करतो. जे वाजलं ते चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. नाटक वाईट असलं तर आपण संहितेवर बोलतो, मांडवाच्या भाड्यावर नाही.

न विचारण्याचं एक कारण भाषेतच आहे. जगभर डीजे म्हणजे एक माणूस. दोन तबकड्यांमागे उभा राहून एका गाण्यातून दुसऱ्यात नेणारा. आपल्याकडे डीजे 'लावतात', डीजे 'येतो', डीजे 'फुटतो'. म्हणजे बॉक्स, जनरेटर आणि गाडी. तसाच शब्द टेम्पो. संगीतात तो लयीचा वेग. चंद्रपुरात त्यावर सामान लादतात. गाडीलाच कलावंताचं नाव मिळालं की घरात बसून ते गाणं जोडणारा पोरगा दिसेनासा होतो, आणि त्या पोराच्याही मागे असलेली गाणारी तर पार दिसेनाशी होते.

मी मूल तालुक्यातला. वडील झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. दिवाळी झाली की मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक, असा आमचा हंगाम. वडशाच्या कंपन्यांचे फलक झाडाझाडांवर लागायचे आणि त्यांत वादकांची नावं असायची, बारीक अक्षरात का होईना. वडिलांचं नाव छापून आलेली दोन पत्रकं अजून घरात आहेत. तेव्हा नाव कुठे येतं आणि कुठे येत नाही, याकडे माझं लक्ष जातं ते काही केवळ अभ्यासक म्हणून नाही.

* * *

यंत्रांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपला वाटा जास्त आहे. शिकागोतल्या 'वेअरहाउस' या क्लबात फ्रँकी नकल्स गाणी वाजवायचा, त्यावरून 'हाउस' हे नाव पडलं असं मानतात. दर ठोक्याला एक किक, मिनिटाला १२० ते १३०च्या आसपास, हा त्याचा पाया. पण त्या संगीताची शिकागोतली पहिली गाजलेली ध्वनिमुद्रणं यायच्या आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं एकत्र जोडून दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा ती कोणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि युरोपातल्या मंडळींनी डोक्यावर घेतली, कारण ज्याला ते 'ॲसिड हाउस' म्हणतात त्याची चाहूल त्यांना त्यात ऐकू आली. त्याच १९८२च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला मात्र त्या एकत्रच आठवतात.

पुढे नागपूर-रायपूर पट्ट्यात धुमाल आला: ऑक्टापॅड, कीबोर्ड, बेंजो आणि ताशे, सगळं गाडीवर. धुमालात यंत्रं असली तरी वाजवणारा समोर दिसतो, त्याला घाम येतो, आणि चांगला ऑक्टापॅडवाला कोणत्या पथकाचा हे पोरांना पाठ असतं. नंतर बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचं 'फ्रुटीलूप्स' आलं, १९९७मध्ये. २००३पासून त्याचं नाव एफएल स्टुडिओ. पडद्यावर सोळा चौकटींची रांग, ज्या चौकटीत टिचकी माराल तिथे ठोका पडतो. वाद्य न येणाऱ्याला ताल रचता यावा अशी ती सोय आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरगुती रिमिक्सवाल्यांचं ते पहिलं वाद्य.

सुरुवातीला गाणी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळायची. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि तीच गाणी तीन बाजूंनी आत आली: इंद्रावतीपलीकडून बस्तरची हलबी आणि गोंडी मिक्स, दक्षिणेकडून आदिलाबादची गोंडी डीजे गाणी, आणि नागपूरकडून धुमालची नक्कल करणारे ट्रॅक. अहेरी, राजुरा, जिवती इथल्या पोरांना राज्याच्या सीमा या संगीतात जाणवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक होते, अनेक राज्यांत विखुरलेले. त्या भाषेला आठव्या अनुसूचीत जागा नाही, वर्तमानपत्र जवळजवळ नाही. पण तिच्यात नाचायची गाणी आठवड्याला निघतात. गोंडी गाणं लग्नात मोठ्याने वाजतं, शहरातून आलेला पाहुणा त्यावर नाचतो, हे ज्यांनी शाळेत आपली भाषा लपवली त्या पिढीच्या मुलांसाठी लहान नाही. हे मान्य करूनच पुढचं म्हणायचं आहे.

* * *

आता प्रत्यक्ष संगीताकडे. रेला म्हणजे बहावा. वैशाखात पिवळ्या घोसांनी लगडणाऱ्या त्या झाडाचं नाव या गाण्याच्या ध्रुपदात येतं, आणि त्यावरून गाणं आणि नाच दोन्ही रेला. मी पाहिलेल्या रेल्यात हातात हात गुंफलेली रांग असते, ती हळूहळू वर्तुळ होते. एक गट ओळ टाकतो, दुसरा तीच उचलतो. ढोल असतोच असं नाही. ताल पावलांत असतो. पाऊल जमिनीवर पडतं, जरा घसटतं, उचलतं, आणि त्या घसटण्याच्या जागेतच गाणाऱ्या श्वास घेतात. सुरुवातीला लय संथ, मग रात्र चढते तशी ती चढते. कोणी ठरवून वाढवत नाही.

हे गाणं एफएल स्टुडिओत आलं की काय होतं? पहिलं, वेग बांधला जातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच आकडा. मोकळं गाणं पुढेमागे होत असतं, म्हणून त्याचे तुकडे करून, कुठे ताणून कुठे दाबून, प्रत्येक तुकडा चौकटीत बसवायचा. ताणलेल्या आवाजाला एक कापरी, धातूसारखी झाक येते. ती आता आमच्या कानांना इतकी सवयीची झाली आहे की काही पोरं ती मुद्दाम आणतात. दुसरं, उचलून धरणारा गट जातो. तीच ओळ पुन्हा कशाला, म्हणून कापतात. सवाल राहतो, जबाब जातो, आणि एकमेकींना ऐकत गाणाऱ्या वीस जणींची एकटी गायिका होते. तिसरं, श्वासाची जागा किक खाते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी तयार गाण्यातून गळा वेगळा काढणं अवघड होतं, त्यामुळे रिमिक्स म्हणजे अख्ख्या गाण्यावर ठोका चढवणं. नोव्हेंबर २०१९मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने 'स्प्लीटर' हे साधन सर्वांसाठी खुलं केलं आणि मग तशी बरीच आली. गाणं दिलं की ते चार खात्यांत विभागून देतं: गळा, ड्रम, बेस आणि बाकीचं. चित्रपटगीतावर हे छान चालतं, कारण चित्रपटगीत मुळात तसंच वेगवेगळं ध्वनिमुद्रित करून जोडलेलं असतं. एका ओळखीच्या मुलाकडे बसून आम्ही मोबाइलवर टिपलेला रेला त्यात घातला. पावलांचा आणि पायांतल्या घुंगरांचा आवाज यंत्राने ड्रमच्या खात्यात टाकला. मागच्या रांगेतल्या बायकांचे आवाज 'बाकीचं' मध्ये गेले. गळ्याच्या खात्यात उरली माइकजवळ असलेली एकटी बाई, कडा कुरतडलेली. मुलाने सवयीने ड्रमचं खातं पुसून टाकलं, कारण ड्रम तो स्वतःचे घालणार होता. म्हणजे ज्या पावलांनी ते गाणं चालतं ती पावलंच पहिल्यांदा गेली. यंत्राला वाटलं पाय आणि गळा या दोन वस्तू आहेत. रेल्यात त्या दोन नाहीत.

एखादा वाचक म्हणेल, लोककलेचं शुद्धत्व जपायची ही जुनीच रड आहे. तसं नाही. गडचिरोलीतल्याच एका पोराचं मिक्स माझ्याकडे आहे, त्यात जवळजवळ पहिलं मिनिट किक नाहीच. त्याने पावलांचा आवाज ठेवला, एवढंच नव्हे तर त्याच्याखाली एक जाड बेस असा सरकवला की प्रत्येक पाऊल जमिनीत खोल जातं. घसटण्याची जागा मोकळी ठेवली. मग किक येते ती पावलांच्या मागोमाग, किंचित उशिरा. लग्नात हे मिक्स लागलं तेव्हा नेहमीच्या उड्या मारण्याऐवजी चारपाच मुलींनी हात गुंफले. बाजूच्या मुलांनी चेष्टा केली, मग तीही रांगेत आली. चांगलं आणि वाईट यांतला फरक या संगीतात असा ऐकू येतो, आणि तो डेसिबलमध्ये मोजता येत नाही.

* * *

आता टॅग. प्रत्येक डीजे ट्रॅकच्या तोंडाशी, आणि मधूनमधून, करणाऱ्याचं नाव घुमवून पुकारलेलं असतं. पोरं त्याला टॅग म्हणतात. काही जण तो पैसे देऊन भारदस्त आवाजात करून घेतात. ऐकणाऱ्याला तो उपद्रव वाटतो, मलाही वाटायचा. पण तो मराठी कानाला इतका अनोळखी असायचं कारण नाही. 'तुका म्हणे' हा टॅगच आहे. 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', शाहिराने शेवटच्या कडव्यात गुंफलेलं आपलं आणि आपल्या गुरूचं नाव, ही सगळी नाममुद्रा. छापखाना नव्हता, हक्क नव्हते, तेव्हा गाणं एका गळ्यातून दुसऱ्यात जाताना कर्त्याचं नाव हरवू नये म्हणून केलेली ती सोय. वामनदादा कर्डकांनी भीमगीतांत हीच रीत चालवली. शेवटाशी 'वामन' येतो आणि गाणं कोणाचं ते कळतं.

चंद्रपूरला याचं महत्त्व वेगळं आहे. १६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात आणि १४ एप्रिलला हे शहर भीमगीतांनी भरतं, आणि हल्ली ती बहुतांशी डीजे मिक्समध्ये वाजतात. शिंदे घराण्याचे आवाज सर्वांच्या ओळखीचे, त्यामुळे गायकाचं नाव तिथे कोणी पुसू शकत नाही. पण मिक्सचं मोजमाप तीनसाडेतीन मिनिटांचं. ध्रुपद, पहिलं कडवं, ड्रॉप, पुन्हा ध्रुपद. शेवटचं कडवं उरतच नाही. म्हणजे कवीची नाममुद्रा जिथे असते नेमका तोच भाग कापला जातो, आणि गाण्याच्या सुरुवातीला दुसऱ्याच माणसाचं नाव तीनदा येतं. नाममुद्रा शेवटाहून सुरुवातीला आली आणि रचणाऱ्याकडून जोडणाऱ्याकडे गेली. हे कोणी कट करून केलेलं नाही. गाण्याच्या लांबीने केलं. तरी झालं ते झालं.

जगात हे आधीही झालं आहे. १९५०च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवाले अमेरिकेतून तबकड्या आणत आणि प्रतिस्पर्ध्याला गाणं सापडू नये म्हणून वरचं लेबल खरवडून टाकत. कॉक्सन डॉड या प्रसिद्ध साउंड सिस्टिमवाल्याने विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवादकाची एक तबकडी अशीच खरवडली आणि तिला चक्क स्वतःचं नाव दिलं. पुढे याच माणसाच्या स्टुडिओतून जमैकाचं थोर संगीत निघालं. खरवडणारा हातच उद्या घडवणारा हात होऊ शकतो. म्हणून मी या पोरांना चोर म्हणणार नाही.

शिवाय नावं पुसण्यात आम्ही शिकलेले लोक मागे होतो असं नाही. लोकगीत म्हटलं की कर्ता अज्ञात, हे आम्हीच शिकवलं, आणि 'कर्ता अज्ञात' म्हणता म्हणता ज्या बाईने ते आमच्यासमोर गायलं तीही अज्ञात होऊन गेली. किती संग्रहांत गाणारीचं नाव आहे? याला महाराष्ट्रातला सन्मान्य अपवाद म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. लाखाहून अधिक ओव्या, आणि गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव ओवीबरोबर नोंदलेलं. आमच्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१०ला सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर'मध्ये लोक साध्या फोनवरून गोंडीत बातम्या आणि गाणी सांगायचे, आणि सुरुवातीला स्वतःचं आणि गावाचं नाव घ्यायचे. म्हणजे टॅगच, पण गाणाऱ्याच्या तोंडून.

कायदाही गाणारीच्या बाजूने आहे, हे मला या धावपळीत नीट वाचायला मिळालं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलाकारांचे हक्क पक्के झाले, ते ५० वर्षं टिकतात. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक हक्क दिला: आपल्या सादरीकरणाबरोबर आपली ओळख सांगितली जाण्याचा. वापराच्या स्वरूपामुळे नाव घेणं शक्यच नसेल तर सूट आहे. पण ज्या गाण्यात करणाऱ्याचं नाव तीनदा मावतं तिथे गाणारीचं एकदा मावत नाही असं कोणाला म्हणता येईल? मात्र भामरागडच्या डोंगरातल्या बाईने कोर्टात जावं असं सुचवणं ही थट्टा होईल. मी कायदा सांगतो तो धाक म्हणून नाही. नाव घेणं हा उपकार नाही, एवढंच.

* * *

फाइलचा माग असा लागला. ऑपरेटरने ती अहेरीच्या मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतली होती. मित्राने ती आसिफाबादकडच्या एका डीजेच्या चॅनलवरून उतरवली होती. त्या डीजेला मी फोन केला. त्याने हिंदीत अदबीने सांगितलं की ओरिजिनल त्याच्याकडे नाही, त्यालाही ती मिक्स होऊनच मिळाली. मी निराश होऊन हेडफोन लावून तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो. तेव्हा लक्षात आलं की त्यात टॅग एक नाही. वरच्या टॅगच्या खाली, सायरनच्या आड, दुसरा टॅग होता. आणि ड्रॉपच्या अलीकडे, जिथे सगळं क्षणभर थांबतं, तिथे अगदी पुसट तिसरा. नदीच्या दरडीत मातीचे थर दिसावेत तसे. प्रत्येकाने आधीच्या गाण्यावर आपला थर चढवला होता आणि कोणालाच आधीचा पूर्ण खरवडता आला नव्हता. सर्वांत खालच्या टॅगमध्ये नावाबरोबर गावही होतं. चामोर्शी तालुका. जो टॅग मला उपद्रव वाटायचा त्यानेच मला दारापर्यंत नेलं, हे नोंदवायला हवं.

पोरगा बावीसतेवीसचा. धानाच्या पोत्यांच्या खोलीत एका खुर्चीवर जुना लॅपटॉप, एक हेडफोन, त्याची एक बाजू बंद. माझ्या येण्याने तो आधी घाबरला; त्याला वाटलं मी कुठल्या कंपनीचा किंवा पोलिसांतला. चहा झाल्यावर मोकळा झाला. हे मिक्स त्याने सॉफ्टवेअरच्या फुकट चाचणी आवृत्तीवर केलं होतं. त्या आवृत्तीत सगळं काम करता येतं, गाणं बाहेर काढता येतं, पण जपून ठेवलेलं काम पुन्हा उघडत नाही. त्यामुळे जे करायचं ते एका बैठकीत, वीज जायच्या आत. "पुन्हा पाहू म्हटलं तर पाहताच येत नाही ना जी सर," तो म्हणाला. या गाण्यांचा साचा एकच का, त्यांत दुरुस्तीची खूण का नाही, याचं मी लायब्ररीत शोधलं असतं असं कोणतंही कारण यापेक्षा खरं नाही. गाण्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. गाणं फिरतं, टॅगमुळे नाव फिरतं, आणि नावामुळे लग्नाच्या ऑर्डर येतात. टॅग हे त्याचं व्हिजिटिंग कार्ड. त्यात दुसऱ्याचं नाव घालायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्याने ऐकलेल्या कुठल्याच गाण्यात ते नव्हतं.

मूळ तुकडा त्याच्या जुन्या मोबाइलमध्ये होता. लाहेरीकडे विजेच्या खांबांच्या कामाला गेलेल्या मित्राने एका रात्री टिपलेला, दीडएक मिनिटाचा. त्याने तो लावला. आधी वारा माइकवर आदळतो. कुत्रं भुंकतं. कोणी खोकतं. पावलं सुरू झालेली आहेत पण गाणं नाही. मग लांबून एक लहान मूल एका बाईला नावाने हाक मारतं, दोनदा. ती हसून काहीतरी उत्तर देते, आणि त्याच हसण्यातून पहिली ओळ उचलते.

मी त्याला विचारलं, एवढा भाग का कापलास? तो म्हणाला की ठोका बसत नव्हता, आणि तो तर नुसता आवाज होता, गाणं कुठे सुरू झालं होतं.

हाक मारलेलं ते नाव मला कळलं. या लेखात मी ते लिहिलेलं नाही, आणि ते विसंगत आहे हे मला दिसतं. पण त्या आवाजावर ज्यांचा पहिला हक्क आहे त्यांना अजून विचारलेलं नाही. पोराने तो तुकडा मला दिला, आणि मी निघताना म्हणाला की दुसऱ्यांदा केलं तर हाकेपासून सुरू करून बघतो. बेस उशिरा आणावा लागेल. मी त्याला त्या मुलींनी हात गुंफल्या त्या मिक्सची फाइल ऐकायला दिली.

तुकडा मी विद्यार्थ्याच्या भाच्याला पाठवला आहे. तो आजीच्याच गावात राहतो. तिथे टॉवर डोंगरावर चढल्याशिवाय लागत नाही, आणि या दिवसांत धानकापणी. दहा दिवस झाले, अजून एकच टिक दिसते आहे.